लेकीला बाहेर मास्टर्सला पाठवायचंय, परवडणारी सरकारी युनिव्हर्सिटी कुठं मिळंल? कोल्हापूरकरांनी सांगा

शिरोलीचा_लेथवाला
नमस्कार मंडळी. माझी लेक मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, सीजीपीए ८ आहे, आणि तिला पुढं कास्टिंग आणि मटेरियलमध्येच मास्टर्स करायचंय. आमचं शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, फौंड्रीतनं कच्चं कास्टिंग येतं त्याचं मशीनिंग करून देतो, पोरगी लहानपणापासनं तेच बघत वाढली, ब्लोहोल निघालेलं कास्टिंग बाजूला काढताना ती विचारायची हे भोक पडलं कशामुळं, आता तिला त्यातच शिकायचंय आणि मला त्याचा अभिमान वाटतो, लपवत नाही.

तर परवा एका कन्सल्टन्सीत जाऊन आलो. त्यांनी इंग्लंडमधल्या चार युनिव्हर्सिट्या काढून दिल्या, एक वर्षाचा कोर्स, फी आणि राहणं धरून पस्तीस लाखांच्या पुढं. जर्मनीचं विचारलं तर म्हणाले तिथं आता ॲडमिशन अवघड झालंय, पाहिजे तर तिथली एक प्रायव्हेट युनिव्हर्सिटी करून देतो, फी बारा लाख. मला काय ते पटलं नाही. माझ्याकडं स्वतःचे सात-आठ लाख आहेत, बाकी कर्ज काढायची तयारी आहे, दोन एकर ऊस आहे तो तारण ठेवीन. ज्यांची पोरं किंवा जे स्वतः बाहेर शिकलेत त्यांनी खरं खरं सांगावं, एकूण किती लागतात, कुठला देश, आणि फुकट फुकट म्हणतात ते खरंच फुकट आहे का.

आखेनकर
दादा, पहिलं एक सांगतो, कन्सल्टन्सीवाल्यांना प्रायव्हेट युनिव्हर्सिट्या आणि इंग्लंड-ऑस्ट्रेलियातल्या बऱ्याच युनिव्हर्सिट्या प्रत्येक ॲडमिशनमागं कमिशन देतात, जर्मनीच्या सरकारी युनिव्हर्सिट्या देत नाहीत. एवढं डोक्यात ठेवून त्यांचं ऐका म्हणजे ते असं का बोलले ते कळंल. मी कागलचा, जर्मनीत आखेनला शिकलो आणि आता इथंच फौंड्रीला लागणारी मशिनरी बनवणाऱ्या कंपनीत आहे, त्यामुळं तुमच्या लेकीचा विषय वाचून राहवलं नाही.

जर्मनीत सरकारी युनिव्हर्सिटीत मास्टर्सला ट्यूशन फी बहुतेक ठिकाणी नाही, आपल्या पोरांनासुद्धा नाही. पण ह्याला अपवाद आहेत आणि ते कुणी सांगत नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट, कार्ल्सरुहे, हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग, तिथं २०१७ पासून युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो फी आहे. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनं २०२४ च्या हिवाळी सेमिस्टरपासून फी चालू केली, मास्टर्सला सेमिस्टरला ४००० ते ६००० युरो. आणि आखेनमध्येसुद्धा इंग्रजीतले काही मास्टर्स युनिव्हर्सिटीच्या वेगळ्या अकादमीमार्फत चालतात, त्यांना भरपूर फी आहे, नाव तेच असतं म्हणून लोक फसतात. कोर्सच्या पानावर ट्यूशन फीचा रकाना असतोच, तो कोर्सगणिक उघडून बघायचा. डाड म्हणून जर्मनीची परदेशी विद्यार्थ्यांसाठीची संस्था आहे, तिच्या वेबसाइटवर इंग्रजी कोर्सची यादी आहे, फी नसलेले कोर्स गाळून काढता येतात, तुमच्या लेकीला एक रविवार त्यावर बसायला सांगा.

बाकी सेमिस्टर काँट्रिब्यूशन म्हणून शंभर ते साडेतीनशे युरो सहा महिन्याला भरावे लागतात, त्यात बऱ्याच ठिकाणी बस-ट्रेनचा पास येतो.

आता खरा खर्च. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरून दाखवावे लागतात, आणि युरो आता शंभरच्या पुढं गेलाय म्हणजे सरळ बारा लाखांच्या वर धरा. हे पैसे कुणाला द्यायचे नाहीत, तुमच्याच पोरीचे असतात, तिथं गेल्यावर महिन्याला ९९२ युरो तिच्या खात्यात सुटतात, त्यातच खोलीभाडं, खाणं, हेल्थ इन्शुरन्स. इन्शुरन्सच विद्यार्थ्याला महिन्याला सव्वाशे-दीडशे युरोला जातो. म्युनिकला ९९२ मध्ये भागत नाही, लहान गावात भागतं आणि चार पैसे उरतात. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की युनिव्हर्सिटी निवडताना आधी त्या गावातलं खोलीभाडं बघा, फी शून्य असली आणि खोलीला सातशे युरो गेले तर ती स्वस्त कुठं राहिली.

निवृत्त_बँकर
शिरोलीकर, आयुष्यभर राष्ट्रीयीकृत बँकेत कर्ज विभागात काढलंय म्हणून लिहितो. उसाची जमीन तारण ठेवीन असं तुम्ही लिहिलंय, तिथं थांबा. शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण म्हणून बँका सहसा घेत नाहीत. कारण सरफेसी म्हणजे थकलेल्या कर्जाच्या वसुलीच्या कायद्याच्या कलम ३१ मध्ये शेतजमीन वगळलेली आहे, कर्ज थकलं तर बँकेला ती त्या कायद्यानं जप्त करता येत नाही, मग मॅनेजर फाइल पुढं ढकलतच नाही. करवीर, हातकणंगले, कागल सगळीकडची माणसं सातबारा घेऊन यायची, आणि आम्हाला नाही म्हणावं लागायचं, वाईट वाटायचं. घर, फ्लॅट, एनए झालेला प्लॉट, बँकेतली ठेव, एलआयसीची पॉलिसी हे चालतं. तुमचं शिरोलीतलं शेड स्वतःच्या नावावर आहे का एमआयडीसीच्या लीजवर? लीजवर असेल तर त्यांची परवानगी वगैरे वेगळी भानगड आहे. राहतं घर असेल तर तेच पुढं करा.

साडेसात लाखापर्यंत सर्वसाधारण योजनेत तारण लागत नाही, आई किंवा वडील सहकर्जदार असले की झालं. त्याच्या वर तारण. परदेशाच्या कर्जात पंधरा टक्के मार्जिन तुम्ही घालायचं असतं. कोर्स चालू असताना आणि संपल्यावर साधारण एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं, हे घरच्यांना नीट समजावून सांगा. जमलं तर ते साधं व्याज दर महिन्याला भरत राहा, हप्ता सुरू होईल तेव्हा फार हलकं वाटतं. आणखी एक, कर्जातनं परदेशी फी पाठवली तर टीसीएस म्हणजे आगाऊ कर कापत नाहीत, स्वतःच्या पैशातनं वर्षाला दहा लाखाच्या वर पाठवले तर वरच्या रकमेवर कापतात, त्यामुळं कुठले पैसे कुठनं जाणार ते आधी ठरवा.

आणि हिशोब असा मांडा. दहा टक्के व्याज, दहा वर्षं मुदत धरली तर १५ लाखाला हप्ता १९,८०० च्या आसपास बसतो, ३५ लाखाला ४६,२०० च्या वर. पोरीला नोकरी लागली नाही किंवा लागायला उशीर झाला तर ह्यातला कुठला हप्ता तुमच्या मशीन शॉपमधनं निघू शकतो? जो निघू शकतो तेवढंच कर्ज काढा. बाकी देश कुठला, युनिव्हर्सिटी कुठली, हे त्याच्यानंतर.

तोरीनोची_गडहिंग्लजकर
काका, इटलीचं कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. मी तोरीनोला आहे, मास्टर्स दुसरं वर्ष. इटलीत सरकारी युनिव्हर्सिटीची फी घरच्या उत्पन्नावर ठरते, तुम्ही बाहेरच्या देशातले असलात तरी. त्याला इझे म्हणतात, बाहेरच्यांसाठी इझे पारिफिकातो. आपल्याकडच्या साध्या शेतकरी-नोकरदार घराचं उत्पन्न युरोमध्ये मोजलं की इतकं कमी दिसतं की फी जवळजवळ माफ होते, कमी उत्पन्नाची जी मर्यादा आहे त्यात आपण आरामात बसतो. आणि पूर्ण फी लागली तरी बहुतेक सरकारी ठिकाणी वर्षाला चार हजार युरोच्या आत.

ह्याच्यावर प्रांतिक सरकारची शिष्यवृत्ती वेगळी, ती पण उत्पन्नावर, आपल्या गावाबाहेर राहणाऱ्याला वर्षाला साडेसहा-सात हजार युरो, शिवाय मेसचं जेवण सवलतीत आणि होस्टेलला नंबर लागण्याची शक्यता. माझं सगळं शिक्षण ह्याच्यावर चाललंय, घरनं पहिल्या काही महिन्यांपुरतेच पैसे घेतले.

पण कागद! काका, कागदांनी माणूस दमतो. घरात किती माणसं ते दाखवायला कुटुंबाचा दाखला, आईवडिलांच्या उत्पन्नाचा दाखला, बँकेतली शिल्लक, घर कितीचं आहे ते चौरस मीटरमध्ये. आमचं घर एकत्र, सातबाऱ्यावर आणि घरपट्टीवर आजोबांचं नाव, चुलते तिथंच राहतात, मग कुटुंब कुणाला धरायचं? तलाठ्याकडनं, तहसीलमधनं वेगवेगळे दाखले काढून एका कागदावर आम्ही चौघंच वेगळं कुटुंब आहोत असं लिहून घेतलं तेव्हा सुटलं. उत्पन्न पण आपलं एप्रिल ते मार्च असतं आणि ते मागतात जानेवारी ते डिसेंबर, शिवाय मागच्या वर्षाचं नव्हे, त्याच्याही आदल्या वर्षाचं. मग सगळ्याला अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालावं म्हणून कागदावर सरकारी शिक्का, मग इटालियनमध्ये भाषांतर. अपोस्टिलच्या आधी राज्याच्या पातळीवर कागद प्रमाणित करावा लागतो, त्यासाठी मुंबई. ॲडमिशनचं पत्र यायच्या आधीच ह्या कागदांना हात घाला, नंतर धावपळ झाली की एक तरी कागद राहतोच.

आणखी दोन गोष्टी. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता गेल्या गेल्या मिळत नाही, हिवाळा उजाडतो, तोपर्यंत स्वतःचे पैसे पाहिजेत. आणि पहिल्या वर्षी ठरवून दिलेले क्रेडिट वेळेत मिळवले नाहीत तर शिष्यवृत्ती बंद होते आणि काही वेळा घेतलेले पैसे परत मागतात. त्यामुळं जे इथं येऊन डिलिव्हरीचं काम जास्त आणि अभ्यास कमी करतात ते अडकतात, माझ्या डोळ्यासमोर दोघं अडकलेत.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
शिष्यवृत्त्यांचं मी सांगतो, ह्या कामात गेली काही वर्षं पोरांना फॉर्म भरायला मदत करतोय. ज्या गावात राजर्षी शाहूंनी १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात करून एकेका समाजाची वसतिगृहं उभी केली त्याच गावातल्या पोरांना सरकारी परदेशी शिष्यवृत्त्या माहीत नसाव्यात ह्याचं मला फार वाईट वाटतं.

अनुसूचित जातीतल्या मुलांसाठी महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ७५ जागा, फी, निर्वाहभत्ता, विमानप्रवास सगळं त्यात येतं. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे, १२५ जागा, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींना, बाकी भटक्या-विमुक्तांना आणि भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागिरांच्या मुलांना, घरचं उत्पन्न आठ लाखाच्या आत पाहिजे. मराठा समाजासाठी सारथी ह्या राज्य सरकारच्या संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची परदेशी शिष्यवृत्ती आहे. ओबीसी, आदिवासी, खुल्या गटातले आर्थिक दुर्बल ह्यांच्या योजना वेगवेगळ्या खात्यांकडं आहेत. सयाजीरावांचंच नाव का, तर १९१३ ला डॉ. आंबेडकर कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. आणि १९२० च्या माणगाव परिषदेत, आपल्या हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात, शाहू महाराज त्यांच्या पाठीशी उभे राहिले, त्याच वर्षी बाबासाहेब अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला परत लंडनला गेले. मला हे पोरांना सांगावंसं वाटतं, म्हणजे फॉर्म भरताना कुणापुढं हात पसरल्यासारखं वाटत नाही.

आता अडचण. ह्या योजनांना युनिव्हर्सिटी जागतिक क्यूएस क्रमवारीत ठराविक नंबराच्या आत लागते. केंद्राची पहिल्या ५०० पर्यंत घेते, राज्याच्या योजनांत अट त्याहून कडक, पहिल्या दोनशेच्या आसपास. म्हणजे स्वस्त लहान गावातली चांगली सरकारी युनिव्हर्सिटी शिष्यवृत्तीला चालेलच असं नाही, आणि शिष्यवृत्तीला चालणारी बऱ्याचदा महाग शहरात. म्हणून दोन याद्या करायच्या, एक शिष्यवृत्ती मिळाली तर, एक नाही मिळाली तर. शिष्यवृत्तीच्या भरवशावर एकच अर्ज करून बसलेली हुशार पोरं मी बघितलीयत, वर्ष गेलं त्यांचं. जाहिरात निघाली की त्यातल्या अटी त्या वर्षाच्या म्हणून नव्यानं वाचा, बदलतात. आणि अनकंडिशनल ऑफर लेटर लागतं, अटी घातलेलं चालत नाही.

आपल्या जातीसाठी काहीच योजना नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी इरास्मस मुंडस बघावं, युरोपियन युनियनची, निवड झालेल्याला फी नाही आणि महिन्याला १४०० युरो. हंगेरीची स्टायपेंडियम हंगेरिकम, जपानची मेक्स्ट, जर्मनीची डाड. चुरस भारी आहे पण अर्ज करायला पैसे पडत नाहीत.

ऑस्टिनचा_पाहुणा
सगळे जर्मनी-इटली म्हणतायत म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी अमेरिकेत सरकारी युनिव्हर्सिटीत मास्टर्स केलं, पहिल्या सेमिस्टरनंतर प्रोफेसरकडं असिस्टंटशिप मिळाली, फी माफ आणि वर स्टायपेंड. मटेरियल आणि मेटलर्जीत असे पैसे असलेल्या लॅब्ज आहेत, थिसिस करणाऱ्याला मिळतात. शिकून झाल्यावर एक वर्ष ओपीटी म्हणजे कामाची परवानगी मिळते आणि स्टेम म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनिअरिंग-गणितातला विषय असेल तर आणखी २४ महिने काम करता येतं, तेवढ्यात कर्ज फिटतं. म्हणून नुसती फी बघून देश बाद करू नका.

निवृत्त_बँकर
तुमचं चांगलं झालं ह्याचा आनंद आहे. पण असिस्टंटशिप गेल्यावर मिळणार, कर्ज जायच्या आधी मंजूर करावं लागणार, आणि बापाला घर तारण ठेवताना ती मिळेलच असं धरून चालता येत नाही. पीएचडीला आधीच फंडिंगचं पत्र हातात येतं ती गोष्ट वेगळी, तिथं मी अमेरिकाच म्हणेन.

पेठेतला_विनायक_स्टोअर्स
मध्येच विचारतो माफ करा, भाच्याला एमबीबीएससाठी बाहेर पाठवायचंय, स्वस्तात कुठं होतंय?

आखेनकर
त्याला वेगळा धागा काढा दादा, विषय मोठा आहे. एवढंच बघा की नीटची परीक्षा पास असल्याशिवाय जाऊ नये, आणि २०२१ च्या नियमाप्रमाणं कोर्स कमीत कमी ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमातला, आणि वर १२ महिने इंटर्नशिप त्याच कॉलेजात पाहिजे, नाहीतर परत येऊन इथं प्रॅक्टिसचं लायसन मिळत नाही. एजंट हे शेवटी सांगतात.

लियॉनवाली
फ्रान्सचं थोडक्यात. २०१९ पासून सरकारी युनिव्हर्सिटीत युरोपाबाहेरच्यांना मास्टर्सची फी वर्षाला ३७७० युरो केली, आता थोडी वाढलीय, पण बऱ्याच युनिव्हर्सिट्या त्यातनं सूट देतात, मग तीनशेच्या आत काम होतं. सूट आपोआप मिळते का अर्ज करावा लागतो ते युनिव्हर्सिटीला ईमेल टाकून विचारा. सरकारी कँटीनला पूर्ण जेवण साडेतीन युरोच्या आत मिळतं, ह्याच्यावर पोटाचं भागतं. इंग्रजीत कोर्स कमी आणि रोजच्या व्यवहाराला फ्रेंच पाहिजेच. आणि ज्यांच्या डोक्यात अजून नॉर्वे फुकट आहे असं असेल त्यांनी ते काढून टाका, २०२३ पासून तिथं फी लागते. स्वीडन, फिनलंड, डेन्मार्कला तर त्याच्या कितीतरी आधीपासून.

शिरोलीचा_लेथवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री जेवणं झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं सगळं. शेड एमआयडीसीच्या लीजवरच आहे, घर माझ्या नावावर आहे, त्यावर कर्ज नाही. उत्पन्न आठ लाखाच्या आत बसतंय आणि आम्ही मराठा, म्हणजे सारथीचं बघायला पाहिजे. बँकर साहेब, तुमचा हप्त्याचा हिशोब वहीत लिहून घेतला, वीस हजारापर्यंत शॉपमधनं निघतात, त्याच्या वर नाही. म्हणजे इंग्लंड संपलं. आता लेकच लिहिते पुढचं.

शिरोलीचा_लेथवाला
नमस्कार, मी त्यांची मुलगी, बाबांच्याच आयडीवरून लिहिते. आखेनकर दादा, माझे तीन प्रश्न. ८ सीजीपीएवर जर्मनीत मिळेल का? जर्मन किती यायला पाहिजे? आणि कास्टिंगमध्येच करायचं असेल तर आखेन सोडून दुसरं कुठं आहे का, कारण मला नुसतं जनरल मेकॅनिकल नकोय.

आखेनकर
ताई, मार्कांचं असं. ते लोक आपले मार्क त्यांच्या स्केलवर बदलून घेतात, १ म्हणजे सर्वात चांगलं आणि ४ म्हणजे काठावर पास. सूत्र सोपं आहे, कमाल मार्कांतनं तुझे मार्क वजा कर, त्याला कमाल वजा पासिंगनं भाग, तीननं गुण आणि एक मिळव. तुझे १० पैकी ८ आणि पासिंग ४ धरलं तर २.० येतो. बऱ्याच कोर्सना २.५ पर्यंतची अट असते, म्हणजे साधारण ७ सीजीपीए, तू त्यात आहेस. पण तुझ्या युनिव्हर्सिटीचा पासिंग ग्रेड नक्की किती धरतात ते मार्कशीटच्या मागं छापलेलं असतं ते बघ, ४ च्या जागी ५ आला तर तुझा आकडा २.२ होतो. बॅकलॉगपेक्षा ते विषय बघतात, मटेरियल सायन्स, थर्मो, मेटलर्जी किती क्रेडिटचं झालंय. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट अजून ठरला नसेल तर फौंड्रीतलाच घे, शिरोलीत राहतेस, तुझ्याइतकी सोय कुणाला आहे, गेटिंग-रायझरिंगवर, म्हणजे साच्यात धातू ओतायच्या आणि भरून काढायच्या वाटांवर, खरोखरच्या कास्टिंगचे रिजेक्शनचे आकडे घेऊन केलेला प्रोजेक्ट प्रोफेसर आवडीनं वाचतात.

आखेनला फौंड्रीची स्वतंत्र इन्स्टिट्यूट आहे. दुसरं म्हणजे फ्रायबेर्ग, सॅक्सनीत, ड्रेस्डेनजवळ. खाणकामाची युनिव्हर्सिटी, १७६५ ला स्थापन झालेली, तिथंही फौंड्रीची इन्स्टिट्यूट आहे. चाळीस हजारांच्या आसपास वस्तीचं गाव, खोल्या आखेनपेक्षा बऱ्याच स्वस्त. फ्रायबुर्ग म्हणून दुसरं शहर आहे ते वेगळं, तिथं फी लागते, अर्ज करताना नीट बघ. पण फ्रायबेर्ग राज्याच्या शिष्यवृत्तीच्या क्रमवारीत बसणार नाही, आखेन बसतं. तेव्हा शाहूपुरीच्या दादांनी सांगितलेल्या दोन याद्या तुझ्या बाबतीत अशाच होतात, सारथी मिळाली तर आखेन, नाहीतर फ्रायबेर्ग. ह्याशिवाय होखशूल म्हणजे अप्लाइड सायन्सच्या युनिव्हर्सिट्या बघ, कंपन्यांशी लागून असतात, थिसिस थेट कारखान्यात करता येतो.

जर्मन. कोर्स इंग्रजीत असला तरी पार्टटाइम कामाला, इंटर्नशिपला, फौंड्रीच्या शॉप फ्लोअरवर तर शंभर टक्के जर्मन. तिथं विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायला परवानगी आहे, पण जर्मन येत नसेल तर गोदामात खोकी उचलायचंच काम मिळतं. आत्ताच ए१ म्हणजे जर्मनच्या पहिल्या पातळीला बस, जायच्या आधी बी१ म्हणजे तिसरी पातळी कर, परीक्षा पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात देता येते. शिकून झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, ते जर्मन येणाऱ्यालाच पुरतात.

आणि एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपली मार्कशीट-डिग्री खरी आहे ह्याची जर्मनीसाठीची तपासणी. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीयांना ते सक्तीचं आहे, फी १८,००० रुपये, ते नसेल तर व्हिसाच मिळत नाही, बऱ्याच युनिव्हर्सिट्या अर्जालाच मागतात. हिवाळी सेमिस्टरचा अर्ज कुठं मार्चमध्ये बंद होतो, कुठं मेअखेर, कुठं १५ जुलैला, प्रत्येकाची तारीख वेगळी. ज्या युनिव्हर्सिट्या युनी-असिस्टमार्फत अर्ज घेतात तिथं पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३०, त्यामुळं पंचवीस ठिकाणी अर्ज टाकू नकोस, सहा-सात नीट निवड.

शिरोलीची_आई
मी तिची आई. बाकी सगळं समजलं. पोरगी एकटी राहणार, खोली मिळत नाही म्हणतात, ती तिथं उतरल्यावर कुठं जाणार एवढं कुणीतरी सांगा. मला ह्यानं झोप लागत नाही.

तोरीनोची_गडहिंग्लजकर
काकू, माझ्या आईनं पण हेच विचारलं होतं. ॲडमिशन व्हायची वाट न बघता सरकारी होस्टेलच्या वेटिंग लिस्टला नाव घालायचं, जर्मनीत त्याला श्टुडेंटनवेर्क म्हणतात, बऱ्याच ठिकाणी ॲडमिशन यायच्या आधीच नोंद घेतात. लहान गावात नंबर लवकर लागतो, हे पण लहान गावाच्या बाजूचं कारण. फेसबुकवर फोटो दाखवून आधी डिपॉझिट पाठवा म्हणणाऱ्याला एक पैसा पाठवायचा नाही, ह्यात आपल्या बऱ्याच पोरांचे पैसे गेलेत. खोली मिळेपर्यंत पहिले पंधरा दिवस-महिना तिथल्याच भारतीय विद्यार्थ्यांकडं राहता येतं, प्रत्येक युनिव्हर्सिटीत त्यांचा ग्रुप असतो, विमानाचं तिकीट काढायच्या आधी तिला त्या ग्रुपमधल्या दोन-तीन मुलींशी व्हिडिओ कॉलवर बोलू दे, आणि तुम्ही पण बाजूला बसा. माझी आई बसली होती, तिनं त्यांना पहिला प्रश्न विचारला की कुकर कुठला न्यायचा. आम्ही इथं तोरीनोत महाराष्ट्रातल्या बऱ्याच मुली आहोत, काकू. दिवाळीला सगळ्या मिळून चकल्या करतो. खरंच काळजी घेतात एकमेकींची.

शिरोलीची_आई
बरं वाटलं बाळा. देव तुझं भलं करो.

निवृत्त_बँकर
शिरोलीकर, घराचं टायटल सर्च आणि व्हॅल्युएशन ह्यात वेळ जातो, ॲडमिशन येईपर्यंत थांबू नका. प्रॉपर्टी कार्ड, खरेदीपत्र, घरफाळ्याची पावती, बांधकाम परवाना एका फाइलला लावून ठेवा. ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे कर्जातनं द्यायची सोय आहे का हे ज्या बँकेत जाल तिथं पहिल्याच भेटीत विचारा, काही शाखांना ते माहीत नसतं, मग प्रोसेसिंग सेंटरला विचारायला लावा. आणि तुमचे स्वतःचे सात-आठ लाख सगळे त्यात घालू नका, दोन लाख तरी बाजूला राहू द्यात, मध्येच विमानाचं तिकीट काढायची वेळ येते.

आखेनकर
एक राहिलं, ताई, आत्ता उठून बघ. पासपोर्टवर, दहावीच्या, बारावीच्या आणि इंजिनिअरिंगच्या मार्कशीटवर तुझं नाव अक्षर-अक्षर एकच आहे का. आपल्याकडं मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि पासपोर्टवर उलटं. क्रम बदलला तर चालून जातं, पण कुठं वडिलांचं नाव राव लावून आहे आणि कुठं नुसतं, कुठं स्पेलिंगमध्ये एक ए जास्त, तर एपीएसला आणि व्हिसाला विचारणा होते.

शिरोलीचा_लेथवाला
दादा बघितलं. दहावीवर बाबांच्या नावापुढं राव आहे, पासपोर्टवर नाही, डिग्रीच्या मार्कशीटवर पण नाही. आता काय करू?

आखेनकर
घाबरू नकोस, नेहमीचं आहे. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं नोटरीकडं ॲफिडेव्हिट कर, इंग्रजीत, त्यात दोन्ही नावं जशीच्या तशी लिहून आणि पासपोर्ट नंबर घालून. डिग्री सर्टिफिकेट अजून छापलेलं नाही ना तुझं? मग ते पासपोर्टप्रमाणंच येईल एवढं बघ, कॉलेजच्या परीक्षा विभागात आत्ताच अर्ज देऊन पोच घे. ॲफिडेव्हिटच्या तीन-चार मूळ प्रती करून ठेव, आणि ट्रान्स्क्रिप्टसाठी अर्ज करशील तेव्हा सीलबंद पाकिटंच माग.

शिरोलीचा_लेथवाला
सोमवारी कॉलेजला जाते, तिथनंच नोटरीकडं. ए१ ची बॅच पण सोमवारपासनंच आहे, नाव घातलं. फ्रायबेर्गच्या कोर्सला कुठले विषय किती क्रेडिटचे लागतात ते काढून इथंच टाकते, तुम्ही बघून सांगा.